कर दुकानाचा, फटका लिंकवालीला

मार्चमध्ये आमच्या धंद्यात मान वर करायला फुरसत नसते. इलिनॉय राज्यात, शिकागोजवळ नेपरव्हिलला मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. २०११ च्या मार्चमधल्या त्या शनिवारी शेवटची वेळ एका मराठी जोडप्याने घेतली होती. दरवर्षी येणारं जोडपं, फाइल नेहमी नीट लावलेली. या वेळी मात्र तिने फाइल उघडलीच नाही. एका ईमेलची प्रिंट माझ्यापुढे सरकवली.

"ताई, आधी हे वाचा. आमच्याकडून काही कर चुकलाय का?"

तिची स्वयंपाकघरातल्या वस्तूंची साइट होती. मिक्सर, कुकर, तवे स्वतः वापरून बघायची आणि मगच लिहायची. इडलीचं पीठ कुठल्या ब्लेंडरमध्ये मऊ वाटलं जातं नि कुठल्यात मोटर तापते, हे ती फोटोंसकट सांगायची. खाली ऑनलाइन दुकानांच्या लिंक. वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली की तिला कमिशन. मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा घराचा हप्ता याच पैशातून गेला होता. रिटर्न मीच भरत असल्याने मला ते ठाऊक होतं.

ईमेल एका बड्या ऑनलाइन दुकानाकडून आलेली. गुरुवारी, १० मार्चला, राज्याचे गव्हर्नर पॅट क्विन यांनी नव्या कायद्यावर सही केली होती. त्यामुळे तिच्यासारख्या लिंक देऊन कमिशन घेणाऱ्या, इलिनॉयमधल्या सगळ्या अ‍ॅफिलिएटांशी करार १५ एप्रिलपासून संपणार होता.

मी कोरा कागद घेतला. समजा, कुणी २०० डॉलरचा मिक्सर घेतला. राज्याचा सेल्स टॅक्स सव्वासहा टक्के, म्हणजे साडेबारा डॉलर. हा कर गिऱ्हाइकाचा. दुकानाने फक्त गोळा करून राज्याला द्यायचा. पण १९९२ च्या 'क्विल' खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं, की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम, माणूस असं काहीच नाही, त्या राज्याला त्याच्यावर वसुलीची सक्ती करता येत नाही. २००८ साली न्यूयॉर्कने यातून वाट काढली : राज्यातला अ‍ॅफिलिएट म्हणजे दुकानाचाच माणूस धरायचा. इलिनॉयने तेच उचललं. इथल्या लिंकांवरून वर्षाला १०,००० डॉलरच्या वर विक्री झाली, की दुकानाने कर गोळा करायचा.

"म्हणजे आम्ही काही देणं लागत नाही?"

"एक सेंटही नाही. तुमचा इन्कम टॅक्स तुम्ही भरताच आहात."

"मग शिक्षा आम्हाला का?"

कारण अ‍ॅफिलिएट तोडले, की दुकानाला कर गोळा करायची गरजच उरत नव्हती. राज्याला साडेबारा डॉलर मिळणार नव्हते ते नव्हतेच, वर हिच्या कमिशनवरचा इन्कम टॅक्सही बुडणार होता. स्थानिक दुकानदारांची तक्रार खरी होती, हे मी आजही मानते. त्यांनी कर लावून विकायचं आणि ऑनलाइनवाल्याने न लावता, हा अन्यायच. पण त्याच्या वसुलीसाठी बोट ठेवलं ते घरात बसून मिक्सर तपासणाऱ्या बाईवर.

नवरा इतका वेळ गप्प होता. "शेजारच्या इंडियाना राज्यात माझा मामेभाऊ राहतो. त्याचा पत्ता दिला तर?"

"नाही. राहता इथे, काम करता इथे. खोट्या पत्त्यावर मी सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नका."

खरोखर हललेल्यांची गोष्ट वेगळी. रॉकटनची फॅटवॉलेट ही ऑनलाइन सवलतींची माहिती देणारी कंपनी कर्मचाऱ्यांसकट हद्दीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये बेलॉइटला गेली. पण यांची मुलं शाळेत, घर कर्जात. मग आम्ही त्यातल्या त्यात जे हातात होतं ते केलं. पहिल्या तिमाहीचा अंदाजित कर, म्हणजे कमाईच्या अंदाजावर आगाऊ भरायचा हप्ता, त्या वर्षी १८ एप्रिलपर्यंत भरायचा होता. पुढच्या तिमाह्यांचे हप्ते घटलेल्या कमाईवर नव्याने मांडले. ज्या दुकानांनी करार तोडले नव्हते, त्यांची यादी तिने तिथेच फोनवर बनवायला घेतली. जुन्या लेखांतली एकेक लिंक हाताने बदलायची होती.

अ‍ॅफिलिएटांच्या संघटनेने खटला लढवला. १८ ऑक्टोबर २०१३ ला इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द ठरवला : छापील किंवा रेडिओवरच्या जाहिरातीला जे बंधन नाही, ते इंटरनेटवरच्या जाहिरातीला लावणं केंद्राच्या इंटरनेट टॅक्स फ्रीडम अ‍ॅक्टमध्ये बसत नाही. मी लगेच तिला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "मधल्या काळाचं कमिशन मिळेल?" नाही. ते मागायला कुठला फॉर्मच नाही.

राज्याने २०१५ पासून तोच कायदा छापील कूपनांनाही लागू करून पुन्हा आणला. शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जून २०१८ मधल्या 'वेफेअर' निकालाने 'क्विल'च मोडीत निघाला. आता इलिनॉयमध्ये पुरेशी विक्री असली, की अ‍ॅफिलिएट असो वा नसो, दुकानाने कर गोळा करायचाच. २०११ मध्ये हेच असतं, तर त्या शनिवारी आम्ही तिचं नेहमीसारखं रिटर्न भरलं असतं.