टायमिंग बेल्ट घरी बदलता येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, "टायमिंग बेल्ट तू घरीच बदललास म्हणे, खरंच जमतं का ते?" आणि मागोमाग दुसरा, "भीती नाही वाटली?" दर वेळी मी तोंडी अर्धवट काहीतरी सांगते आणि समोरचा एकतर जास्त घाबरतो नाहीतर जास्तच धीट होतो, म्हणून आज नीट लिहिते. जमतं. मी दोनदा केलंय, दोन वेगळ्या गाड्यांवर, आणि हो, दोन्ही वेळा भीती वाटली होती, ती वाटायलाच हवी.

भीती कशाची ते आधी. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, वरखाली होणारे पिस्टन त्यालाच जोडलेले असतात, आणि वर कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं, उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात, आणि या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो हा दातेरी रबरी पट्टा. पूर्वी हे काम साखळी नाहीतर गिअर करायचे, १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास (Glas) नावाच्या मोटार कंपनीने आपल्या १००४ या गाडीत रबरी बेल्ट वापरला आणि मग तो सगळीकडे पसरला, कारण आवाज कमी, वजन कमी, तेल लागत नाही. (तुमच्या गाडीत साखळी असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.)

आता बऱ्याच इंजिनांत पिस्टन ज्या जागेपर्यंत वर येतो त्याच जागेत उघडा व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, क्रँक मात्र वेगात असतो म्हणून फिरतच राहतो आणि पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे ते बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो. आणि बेल्ट एक दात जरी चुकीचा बसला तरी गाडी थरथरते, ओढत नाही, चेक इंजिनची लाइट लागते, आणि दोनचार दात चुकला तर पहिल्याच स्टार्टला वर सांगितलेलं सगळं होऊ शकतं.

मग करायचंच कशाला? माझं कारण साधं होतं. पहिली गाडी जुनी घेतलेली, बेल्ट कधी बदलला याची कुठेच नोंद नाही, आणि बेल्ट बघून कळत नाही. मी वरचं कव्हर उघडून टॉर्च मारून बघितला तेव्हा तो चांगला काळाभोर, नवा वाटावा असा दिसत होता. काढल्यावर मात्र उलटा वाकवून बघितला तर दोन ठिकाणी दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा. नुसता दिसण्यावर विश्वास ठेवला असता तर मी तो तसाच ठेवला असता. म्हणून कंपनीने दिलेली मुदत पाळायची, कुठे ती ६०,००० किलोमीटर असते, कुठे १ लाख, कुठे त्याहून जास्त, आणि सोबत वर्षांची मर्यादा असते, दोन्हीपैकी जे आधी येईल ते. गाडी उभी राहिली म्हणून बेल्ट तरुण राहत नाही, रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं.

सामान घेताना नुसता बेल्ट घेऊ नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) आणि आयडलर (बेल्टला वाटेवर ठेवणारी चाकी) तितकेच चाललेले असतात, त्यांचं बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही खातं. वॉटर पंप बेल्टवर चालत असेल तर तोही आत्ताच, कारण नंतर त्याच्यासाठी हीच सगळी खोलाखोल परत. माझ्या पंपाच्या खाली वाळलेल्या कूलंटची गुलाबी रेघ होती, म्हणजे तो निघायच्या वाटेवरच होता.

खोलण्याबद्दल फार लिहीत नाही, ते गाडीप्रमाणे बदलतं आणि त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल समोर नसेल तर सुरूच करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, स्टँडवरच टेकवायची, बहुतेक वेळा एका बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं म्हणून इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा ठेवून आधार द्यायचा. खरी झटापट आहे ती क्रँक पुलीच्या बोल्टशी. वर्षानुवर्षं आवळलेला असतो, लांब दांडा लावला तरी हलत नाही. स्टार्टर मारून तो सोडवायची युक्ती लोक सांगतात, मला ती अजिबात मान्य नाही, दांडा निसटला तर हात जातो. गाडी स्टँडवर असताना आत कुणाला बसवून ब्रेक दाबायला सांगणंही मला पटत नाही. मी पुली धरून ठेवायचं टूल उसनं आणलं आणि भावाने ते धरलं, मी दांड्यावर हळूहळू वजन टाकत गेले, शेवटी एक मोठा कडाक आवाज झाला, दोघांनाही वाटलं काहीतरी तुटलं, पण तो बोल्टच सुटला होता. आणि हे टायमिंगच्या खुणा जुळवायच्या आधी करायचं. लॉक पिन (पुल्या हलू नयेत म्हणून घालतात ती) लावून मग बोल्टवर जोर काढू नका, पिन खूण जागेवर ठेवायला असते, एवढा ताण सहन करायला नाही.

आता खुणा, इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर आणायचा, तेव्हा क्रँकची खूण इंजिनावरच्या खुणेशी आणि कॅमची तिच्या खुणेशी जुळते. क्रँकची जुळली आणि कॅमची बरोबर उलट्या बाजूला दिसली तर घाबरायचं नाही, क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा. दुसरं म्हणजे बाहेरच्या मोठ्या पुलीवर एक खूण असते आणि ती काढल्यावर आतल्या लहान दातेरी पुलीवर वेगळी असते, बेल्टसाठी आतली बघायची.

जुना बेल्ट काढायच्या आधी मी पांढऱ्या रंगाने दोन्ही पुल्यांच्या खुणांसमोर बेल्टवर ठिपके दिले, मग बेल्ट काढून त्या दोन ठिपक्यांमधले दात मोजले. एकदा ४० आले, परत मोजले तर ४१. मग प्रत्येक दातावर खडूची टिकली करत तिसऱ्यांदा मोजले, ४० पक्के झाले, आणि खात्रीसाठी दुसऱ्या बाजूचेही मोजून बेरीज बेल्टच्या एकूण दातांशी ताडून बघितली. तेच ठिपके नव्या बेल्टवर उतरवले. या कामाला अर्धा तास गेला असेल पण पुढचं सगळं टेन्शन त्याने उतरवलं. नवा बेल्ट मुडपायचा नाही, पिळायचा नाही, आणि त्याला तेलाचा किंवा कूलंटचा हात लागू द्यायचा नाही. आतले काचेच्या धाग्यांचे दोर घडी पडली की आतल्या आत तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

दुसऱ्या गाडीला दोन कॅम होते आणि तिथे माझं चुकलं. बेल्ट क्रँकपासून सुरू करून टेन्शनर नसलेल्या बाजूने ताणून वर न्यायचा असतो, म्हणजे जो काही ढील असेल तो सगळा टेन्शनरच्या बाजूला जमा होतो. मी क्रँक आणि पहिल्या कॅममध्ये थोडासा ढील ठेवला, नजरेला दिसतही नव्हता. टेन्शनर लावला, सगळ्या खुणा छान जुळलेल्या. मग सॉकेट लावून क्रँक हाताने फिरवला, इंजिन फिरतं त्याच दिशेने, सावकाश, स्पार्क प्लग काढलेले होते म्हणून हलकं जात होतं. दोन पूर्ण फेरे. आणि एक्झॉस्ट कॅमची (धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो त्या कॅमची) खूण एक दात बाजूला.

एवढं लांबलचक लिहिलं ते मला हे सांगायचं होतं म्हणून. ते दोन फेरे मी फिरवले नसते तर मी किल्ली फिरवली असती. क्रँकचे दोन फेरे म्हणजे इंजिनाचं एक पूर्ण चक्र, त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो, म्हणजे काही आदळणार असेल तर ते हाताच्या वेगाने हळूच टेकतं आणि तुम्हाला पान्यातच कळतं. मध्ये कुठे कडक लागलं तर जोर करायचा नाही, थांबायचं आणि बेल्ट परत काढायचा. मी काढला. सगळं परत, टेन्शनर ढिला, खुणा, बेल्ट, टेन्शनर, आणि पुन्हा दोन फेरे, आणि त्यानंतर उगाच अजून दोन. एक सांगून ठेवते, फिरवल्यावर बेल्टवरचे पांढरे ठिपके परत जागेवर येणार नाहीत, भाऊ ते बघून ओरडलाच, पण बेल्टचे दात आणि पुल्यांचे दात यांचा हिशोब वेगळा असतो, बघायच्या त्या पुल्यांवरच्या खुणा.

मग टेन्शनरचा काटा जागेवर आहे का ते बघायचं, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायचे, आणि मॅन्युअलमध्ये क्रँकचा बोल्ट नवाच लावा म्हटलं असेल तर नवाच लावायचा, तो आवळताना ताणला जातो म्हणून. कूलंट भरून हवा काढायची.

घरी करायचा फायदा मला विचाराल तर पैशापेक्षा हा आहे, की घाई नसते. संध्याकाळ झाली आणि खूण जुळत नसेल तर चादर टाकून झोपायला जाता येतं. पण तुमची चूक पकडणारंही दुसरं कुणी नसतं, ते सगळं त्या दोन फेऱ्यांवर. तेवढा धीर नसेल, किंवा गाडी उद्या सकाळीच हवी असेल, तर खुशाल चांगल्या मेकॅनिककडे द्या, त्यात काही कमीपणा नाही. बेल्ट तेलात चालणारा असेल, असतात तशी काही इंजिनं, तर मीही देईन. आणि डिझेलच्या बऱ्याच इंजिनांत इंजेक्शन पंपही (डिझेल दाबाने सिलिंडरकडे पाठवणारा) याच बेल्टवर असतो, म्हणजे एक खूण जास्त.

कव्हर बंद करायच्या आधी मी त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले. ही गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला माझ्यासारखं टॉर्च मारून अंदाज बांधत बसायला नको.