चार ओळींची बातमी

"पहिलं पान बघितलंस? आता आतलं शोध."

डिचोलीत चहाच्या गाड्यावर एका काकांनी वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. पहिलं पूर्ण पान खाण कंपनीची जाहिरात. हिरवीगार झाडं, हसणारी शाळकरी मुलं. आदल्या दिवशीच्या पर्यावरण जनसुनावणीला काका स्वतः बोलले होते. पावसात खाणीची माती शेतात उतरते, वाफे लाल चिखलाने भरतात, एवढंच सांगितलं त्यांनी. ती बातमी आत, निविदांच्या शेजारी. चार ओळी. "ग्रामस्थांनी संमिश्र प्रतिक्रिया दिल्या."

काका म्हणाले, "संमिश्र कसली बाबा? बोलणारे सगळे विरोधातच होते."

दिवसभर हे डोक्यातून गेलं नाही.

गोव्यात पेपर आणि खाण यांचं नातं जुनं. 'गोमंतक' चौगुल्यांनी सुरू केला, 'नवहिंद टाइम्स' धेंपोंनी; दोघंही तेव्हाचे खाणवाले. याच पेपरांतून चांगले, ताठ कण्याचे पत्रकारही घडले, हेही खरंच. पण केंद्र सरकारने नेमलेल्या शहा आयोगाने गोव्यातल्या बेकायदा खाणकामाने झालेलं नुकसान सुमारे ३५ हजार कोटींचं सांगितलं, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं खाणकाम बेकायदा होतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. पैसे वसूल करा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या मात्र सामान्य गोंयकारांनाच झिजवाव्या लागल्या.

आणि पक्षांना कोण किती देतं, हे तरी आपल्याला कुठं कळत होतं? नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले तेव्हा कुठे नावं बाहेर आली. त्यात खाणवालेही होते.

जाहिरात देणाराच बातमीचा विषय असेल, तर काकांचं म्हणणं छापणार कोण?