रिअॅलॉकनंतर जुना पत्ता: माझा अनुभव

सी भाषेत मी फाइलमधील नोंदी वाचून वाढत्या अॅरेमध्ये, म्हणजे मेमरीत सलग मांडलेल्या यादीत, साठवणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. नोंदी किती येतील हे ठाऊक नसल्यामुळे मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने 16 नोंदींची जागा घ्यायची आणि ती भरली की रिअॅलॉक या घेतलेल्या जागेचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने दुप्पट करायची, एवढे काम तासाभरात झाले. पुढचे तीन दिवस मात्र एकाच चुकीत गेले आणि त्याची चीड अजूनही गेलेली नाही.

वाचता वाचता सर्वांत मोठी नोंद लक्षात राहावी म्हणून मी तिचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, वेगळा जपून ठेवला होता. लहान फाइलींवर उत्तर अचूक येई; मोठ्या फाइलीवर कधी भलतीच संख्या छापली जाई, तर कधी प्रोग्रॅम मध्येच कोसळे. तपासासाठी छापण्याची एक ओळ वाढवली की दोष दिसेनासा होई, यानेच मी सर्वाधिक हैराण झालो. फाइल वाचणारा भाग दोनदा नव्याने लिहिला, तुलनेच्या अटी पुन्हा पुन्हा पडताळल्या. रिअॅलॉकच्या ओळीवर मात्र संशयही घेतला नाही. अखेर कंपायलरचा अॅड्रेससॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन चालू केले, तेव्हा मुक्त केलेली मेमरी वापरली जात असल्याचे त्याने सांगितले आणि ती कुठे वाचली, कुठे मुक्त झाली, कुठे घेतली होती, हे तिन्ही ठिकाणांसह दाखवले. मुक्त होण्याचे ठिकाण रिअॅलॉकचेच होते. लगतची जागा मोकळी असेल तर रिअॅलॉक तिथेच विस्तार करू शकतो. नसेल तर तो सर्व मजकूर दुसरीकडे नेतो आणि जुनी जागा सोडून देतो, त्यामुळे त्या जुन्या जागेकडे निर्देश करणारे सगळे पॉइंटर निरर्थक होतात. मी पॉइंटरऐवजी इंडेक्स, म्हणजे अॅरेमधला क्रमांक, ठेवला आणि दोष गेला. अॅड्रेससॅनिटायझर पहिल्याच दिवशी चालू करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्येही (आपोआप वाढणारा अॅरे) क्षमता संपल्यावर पुशबॅक केल्यास, म्हणजे शेवटी नवा घटक जोडल्यास, हेच घडते. जागा दरवेळी एकाच नोंदीने वाढवू नये. प्रत्येक वेळी स्थलांतर झाले तर एक लाख नोंदींसाठी सुमारे 500 कोटी प्रती कराव्या लागतात, दुपटीने वाढवल्यास दोन लाखांहून कमी. आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: रिअॅलॉकचे उत्तर थेट मूळ पॉइंटरमध्ये ठेवू नये. जागा न मिळाल्यास तो नल, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पत्ता, परत देतो, जुना मजकूर शाबूत असतो, पण त्याचा पत्ता आपल्या हातून कायमचा गेलेला असतो.