आमची वाटचाल : नव्या गाडीचंही हब उघडायचं

नवा कोरा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडायची झोपायच्या सोयीची गाडी, ठोकळ्यांवर चढवून आम्ही चाक काढून हब, म्हणजे बेअरिंगं बसलेला चाकाचा मधला भाग, उघडायला घेतलं, की घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाचा चेहरा उतरतो. "भाऊ, कालच तर रंग वाळला. आजच खोलताय?" राग येत नाही. कारण एकेकाळी मीही हेच म्हणत होतो, आणि ते आम्हाला फार महागात पडलं.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरी सोडून त्यांनी दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे, पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. एक वेल्डिंग मशीन, एक बॉटल जॅक आणि पान्यांची पेटी, एवढंच भांडवल. काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं, त्यामागोमाग उन्हाळ कांदा, दिवाळीनंतर कादवा कारखान्याचा ऊस. पिंपळगावला लिलावासाठी निघालेली ट्रॉली वाटेत बसली, तर शेतकऱ्याचा त्या दिवसाचा भाव गेलाच. त्यामुळे रात्री-बेरात्री कोणी दारात येऊन "अण्णा, बेअरिंग गेलं" म्हणालं, की वडील जॅक उचलून निघायचे.

शाळेतून आल्यावर माझ्याकडे एकच काम असे. हबमधून काढलेली बेअरिंगं डिझेलच्या घमेल्यात धुवायची. पण धुण्याआधी ती वडिलांना दाखवायची, हा नियम. "आधी ग्रीस वाच," ते म्हणायचे. दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय. काळं पडून करपट वास येत असेल तर हब तापलंय. बोटांत चोळून उन्हात धरलं आणि चमचम दिसली, तर पोलाद झिजतंय. धुतल्यावर रोलर निळसर दिसला, तर ते बेअरिंग बाजूला, कितीही गुळगुळीत फिरत असलं तरी. कपवर, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या अंतराने गंजाच्या रेघा उठल्या असतील तर गाडी कित्येक महिने एकाच जागी उभी होती. आमच्या भागात आणखी एक दुखणं पाहायला मिळे. भरलेली ट्रॉली तापल्या हबनिशी नाल्यात उतरली, की आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलच्या, म्हणजे हबचं तोंड बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या, कडेने पाणी आत ओढून घेते. शेतकऱ्याला वाटतं, पाण्याने चाक गार झालं, बरं झालं.

मग ग्रीस भरायचं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात कोन, म्हणजे रोलर बसवलेलं बेअरिंगचं आतलं कडं, आणि त्याची रुंद बाजू तळहातावर दाबत-दाबत पुढे न्यायची, निमुळत्या बाजूच्या प्रत्येक फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. वरून नुसतं फासलेलं दिसलं की वडील बेअरिंग परत माझ्या हातात द्यायचे. "अजून भर. पलीकडून येऊ दे."

हे निमुळत्या रोलरचं बेअरिंग कोणी शोधलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी 1898 साली त्याचं पेटंट घेतलं. गाडी वळते तेव्हा चाकावर वरून भार असतोच, शिवाय आडवा रेटाही येतो. रोलर तिरके बसवले की ते दोन्ही सोसतात. गाड्या बांधणाऱ्या माणसालाच हे सुचलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ट्रॉली असो की कॅराव्हॅन, बहुतेकांच्या चाकात आजही हीच जोडी असते, आत मोठं आणि बाहेर लहान.

2021 मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि आमच्याकडे चौकशा सुरू झाल्या. तोवर शेड माझ्या हाती आलं होतं. पहिली ऑर्डर धाकट्या भावाच्या शाळेतल्या सरांची. सर आणि मॅडम दोघेही निवृत्त, गंगापूर रोडला राहणारे. मोटारीमागे जोडायचा छोटा ट्रेलर, दोन माणसांची झोपायची सोय, मागे ओटा. आम्ही जीव ओतून काम केलं. ॲक्सल, म्हणजे चाकं बसतात तो आडवा दांडा, मात्र तयार आणला, हबसकट, ग्रीस भरलेला, कंपनीच्या सीलसह. शेडमधल्या मामांनी विचारलं होतं, एकदा उघडून बघायचा का? मी म्हणालो, नवा आहे, कशाला?

पावसाळा संपल्यावर दोघं कोकणात जाऊन आले. परतताना कसारा घाट चढून आल्यावर मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून-वाजवून त्यांना थांबवलं. डाव्या चाकातून धूर येत होता. ट्रेलरचं हेच वाईट आहे. मोटारीचं बेअरिंग वाजायला लागलं तर स्टिअरिंग धरणाऱ्याला कळतं. मागे जोडलेल्या गाडीचं पुढे बसलेल्याला काहीच कळत नाही.

मी पोचलो तेव्हा सर रस्त्याच्या कडेला उभे होते. हब उघडलं. आतल्या बेअरिंगचा रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटून रोलर एका बाजूला गोळा झाले होते, निळे-काळे. स्टब, म्हणजे बेअरिंगं बसतात ते ॲक्सलचं टोक, खरवडला गेला होता. हबच्या पोकळीत ग्रीसचा मोठा लगदा जसाच्या तसा पडून होता आणि रोलरच्या फटींत त्याचा टिपूसही पोचला नव्हता. ग्रीस होतं, पण भरलेलं नव्हतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "अरे, चाक निखळलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं रे." त्यानंतर मी किती तरी रात्री नीट झोपलो नाही. ॲक्सल दुसऱ्याने बनवला होता, पण ट्रेलरवर पाटी आमची होती.

तेव्हापासून हब उघडल्याशिवाय एकही गाडी आमच्या फाटकाबाहेर गेलेली नाही. चारही बेअरिंगं बाहेर काढायची, धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि हाताने भरायची. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं, एनएलजीआय 2, म्हणजे मध्यम घट्टपणाचं. आधीचं कोणतं होतं ते माहीत नसेल तर त्यावर नवं चढवायचं नाही, कारण काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. सील आणि नट फिरू नये म्हणून लावायची स्प्लिट पिन दर वेळी नवी.

हब जागेवर धरणारा नट आवळण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. आम्ही वापरतो त्या ॲक्सलला चाक फिरवत-फिरवत 68 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करायचा आणि नुसत्या बोटांनी टेकवायचा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही. घट्ट म्हणजे मजबूत, ही समजूत इथे बेअरिंग जाळते. शेवटी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावून बघतो, हबला 0.025 ते 0.25 मिमी एवढीच हालचाल हवी.

घरी नेल्यावर काय करायचं तेही शिकवतो. पहिल्या 80 किमीत दोन-तीनदा थांबून व्हील नट तपासा. वीस-पंचवीस किमी गेल्यावर हबजवळ हाताची मागची बाजू न्या आणि दोन्ही बाजूंची धग ताडून बघा. दोन्ही सारखी कोमट असतील तर ठीक, एकच तापली असेल तर तिथेच थांबा. पहिल्या हजार किमीला आमच्याकडे या, त्याचे पैसे घेत नाही. नंतर वर्षातून एकदा किंवा 20,000 किमीला, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण खोलून ग्रीस. गाडी वर्षभर नुसती उभी असली तरीसुद्धा, इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात उभी असली तर नक्कीच. निपल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायचं तोंड, असलेल्या ॲक्सलवर ग्रीसगन घेऊन पंप मारत सुटू नका. सील फुटून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर गेलेलं मी पाहिलंय.

या अर्ध्या दिवसाच्या कामाचे पैसे लावतो म्हणून काही ऑर्डरी गेल्या. जाऊ दिल्या. आज शेडमध्ये आम्ही सहा जण आहोत, आणि ट्रॉल्यांचं काम मी सोडलेलं नाही.

सर आणि मॅडमनी ट्रेलर विकला नाही. दर वर्षी दिवाळीआधी येतात. गेल्या खेपेला सरांनी बाह्या वर सरकवल्या आणि म्हणाले, या वेळी मी भरतो. तळहातावर ग्रीस घेतलं आणि कोन दाबायला लागले. वडील आता गुडघ्यांमुळे काम करत नाहीत, दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी चष्मा पुसला, सरांच्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अजून भरा सर. पलीकडून येऊ द्या."