हापूसच्या पेटीखालचे पाटे : आमची वाटचाल

हातखंब्याच्या तिठ्यापासून थोडं पुढे, महामार्गाला लागून आमची पत्र्याची शेड आहे. दारात जुन्या कमानपाट्यांचा, म्हणजे गाडीखाली धक्के झेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचा, गंजका ढीग, एक म्हातारा कुत्रा आणि ‘कमानपाटे दुरुस्ती’ एवढीच अक्षरं शिल्लक राहिलेली पाटी. मुंबई-पुण्याची मुलं उंच गाड्या घेऊन येतात, पाटीकडे बघतात आणि मलाच विचारतात, “काका, इथं लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन करून देतात ते कुठे?” मी म्हणतो, “इथंच. बघून या, खाली तेल सांडलंय.”

शेड बाबांनी घातली, १९८८ साली. तेव्हा आजूबाजूला चिरेखाणी जोरात होत्या आणि चिरा भरलेला ट्रक म्हणजे आमचं कायमचं गिऱ्हाईक. क्षमतेपेक्षा जास्त माल, त्यात पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल, की मेन पाटा मधल्या बोल्टाच्या भोकातून मोडणार हे ठरलेलं. बाबा तुटलेला पाटा हातात घेऊन भोकाजवळची चीर बघायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, बोल्ट किती महिने आवळला नाहीस ते. लोहारकामात ‘पाणी देणं’ म्हणतात, पण पाट्याला पाणी देत नाहीत, तेल देतात. पाण्यात बुडवला तर तडकतो. सिलिकॉनचं पोलाद साधारण ८६० अंशांना तापवायचं, तेलात सोडायचं आणि मग पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढायचा. बाबांकडे तापमापक नव्हता. भट्टीतला रंग बघून ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. बहुतेक वेळा.

मी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली आणि २०१२ मध्ये परत आलो. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. खोलीचं भाडं आणि पगार यांचं जमेना.

खरी सुरुवात पावसच्या बाजूच्या एका आंबा बागायतदारांपासून झाली. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्याकडे जुनी थार होती, पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे असलेली. सकाळी त्याच गाडीतून नातवाला शाळेत सोडायचं, दुपारी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, बागेत जायचं, संध्याकाळी आंबा भरून खाली आणायचा. एप्रिलमध्ये एक दिवस ते शेडवर आले, सुरी मागितली आणि पिशवीतला हापूस माझ्यासमोर कापला. वरून फळ निर्दोष, केशरी. आत सालीला लागून रुपयाएवढा तपकिरी डाग, बोटाने दाबला की मऊ. “झेल्याने उतरवतो रे मी,” ते म्हणाले, “देठासकट. एक फळ जमिनीवर पडू देत नाही. आणि आढीत आठव्या दिवशी हे बघायचं. खालच्या थराचीच फळं.” बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत चारेक किलोमीटर नुसता कातळ. फळाला मार तिथेच बसत होता.

तात्या त्याआधी एका गॅरेजात जाऊन आले होते. तिथल्या लोकांनी पुढचे टॉर्शन बार आवळून आणि मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासिसला जोडणारी पट्टी) घालून गाडी दोन इंच उचलून दिली होती. दिसायला रुबाबदार. डाग मात्र वाढले.

आमच्या धंद्यात सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. उंची वेगळी आणि ट्रॅव्हल वेगळा. चाकाला वर दबायला आणि खाली लोंबायला मिळून जी जागा मिळते तो ट्रॅव्हल. टॉर्शन बार आवळला की गाडी उभी असतानाच चाक खालच्या टोकाकडे सरकतं. ५० मिमी उंची मिळाली तर खाली लोंबायचे ५० मिमी गेले. मग खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, वरचा आर्म (चाक धरणारा दांडा) थांब्यावर ठक्‌कन आपटतो आणि चाक हवेत राहतं. शिवाय पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (वळते सांधे) तिरके चालून लवकर खलास होतात, ते वेगळंच. गाडी एका पैशाने मऊ होत नाही.

तात्यांची गाडी आम्ही पहिल्यांदा मूळ उंचीवर आणली. दोन हजार रुपयांचं काम, पण त्यांना ते पटायला दोन चहा लागले.

मग मागचे पाटे. पाट्याचं गणित निर्दय आहे. जाडी थोडी कमी केली की ताठरपणा तिच्या घनाच्या हिशेबाने उतरतो. ७ मिमीचा पाटा ६ मिमीचा केला तर ताठरपणा ६३ टक्क्यांवर येतो. लांबी दहा टक्के वाढवली तर पाऊण. म्हणजे लांब आणि पातळ पाटे घातले तर गाडी मऊ होते आणि चाकाला लोंबायला जागाही मिळते. किती मऊ, हे आम्ही एका सोप्या मोजमापाने ठरवतो: वरचं वजन पाट्याला किती दाबतं. ५६ मिमी दबत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे २.१ वेळा हेलकावते, ११० मिमी दबत असेल तर दीड वेळा. तात्यांची रिकामी थार दोनच्या वर होती. आम्ही दीडला आणली. पाट्यांच्या टोकांमध्ये नायलॉनच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे पाट्यावर पाटा घासून अडकत नाही आणि छोटे धक्केही गिळले जातात. मागचा एकूण ट्रॅव्हल १९० मिमी होता, तो २७० झाला.

मी खूश. बाबा गाडीच्या मागे उकिडवे बसून पाट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पुढचा अर्धा फार मऊ झालाय.”

त्याच आठवड्यात तात्यांनी आंबा घेऊन कोल्हापूर गाठायचं ठरवलं. आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना मागून धडधड सुरू झाली आणि एका वळणावर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला. झालं असं की पाटा नुसता वजन पेलत नाही, एक्सलचा पीळही तोच धरतो. चढावर जोर दिला की एक्सल उलटा फिरायला बघतो, मऊ पाटा इंग्रजी एससारखा वळतो, डिफरन्शियलचं नाक वर उचलतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. मी लगेच पीळ अडवायला एक्सल आणि चासिसमध्ये दांडा टाकायचं डिझाइन काढलं. बाबांनी ते बाजूला सारलं. त्यांनी पाट्याच्या पुढच्या अर्ध्यात, एक्सलपासून पुढच्या डोळ्यापर्यंत (पाट्याच्या टोकाच्या कडीपर्यंत), दोन जादा क्लिपा घट्ट आवळल्या आणि मागचा अर्धा मोकळा ठेवला. पुढचा भाग ताठ राहून पीळ धरतो, मागचा लवतो. चाळीस रुपयांच्या क्लिपा. धडधड गेली. दांडा टाकला असता तर चाक तिरकं लोंबताना तोच आड आला असता, हे मला नंतर कागदावर समजलं.

दुसरी चूक त्याहून वाईट आणि ती सर्वस्वी माझी. ट्रॅव्हल वाढवला, पण मागच्या ब्रेकची रबरी नळी मूळ लांबीचीच ठेवली. बागेतल्या एका घळीत एक चाक पूर्ण लोंबलं, नळी ताणली आणि जोडातून सुटली. पॅडल जमिनीला लागलं. वेग चालण्याएवढा होता, गाडी एका गडग्याला, दगडी कुंपणाला, टेकून थांबली. तात्या काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पुढचा आठवडा मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

तेव्हापासून एकही गाडी ‘सायकल’ केल्याशिवाय बाहेर जात नाही. स्प्रिंग काढून ठेवायची, चाक जॅकवर घ्यायचं आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत दहा-दहा मिमीने उचलत न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर चाकाचा कल, तोंड, नळी, वायर, शाफ्टचा कोन आणि टायर कुठे घासतो ते वहीत लिहायचं. चाक किती लोंबायचं ते शॉकअपने ठरवायचं नाही, नाहीतर तो आतून तुटतो. त्यासाठी वेगळा विणलेला पट्टा लावतो. वर जाताना शॉकअप संपायच्या आधी रबरी थांबा लागला पाहिजे. शेडच्या मागे चिऱ्यांचा २० अंशांचा उतार बांधलाय, त्यावर एक चाक चढवून शेवटची खात्री करतो. शहरात हाच रॅम्प लोखंडाचा करतात. आमच्याकडे चिरा फुकट होता.

लाँग ट्रॅव्हल ही चीज मुळात आपल्याकडची नाही. मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात १९६७ पासून हजार मैलांच्या शर्यती होतात, तिथल्या गाड्यांनी हे वाढवलं. तिथे आर्म बाहेरच्या बाजूला लांब करतात, म्हणजे गाडी रुंद होते आणि चाकाला मोठा कमानीसारखा फिरायला वाव मिळतो. वाळवंटात कोण अडवतंय? आमच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना गडगे. एक हात जास्त रुंद झालात तर शेजाऱ्याशी भांडण. म्हणून आम्ही रुंदीला हात लावत नाही आणि मूळ रुंदीत जेवढा ट्रॅव्हल बसतो तेवढाच देतो. ज्याला त्याहून जास्त हवा, त्याला आम्ही दुसरीकडे पाठवतो.

तसंच हाइम जॉइंटचं. शर्यतीच्या गाडीत लिंकच्या टोकाला लोखंडी गोळीचा जॉइंट अचूक आणि छान. आमच्या लाल चिखलात आणि खाऱ्या हवेत तो एक पावसाळा काढतो आणि दुसऱ्यात खुळखुळायला लागतो. वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो इथे. रोजच्या गाडीला रबराचा बुश. मुलं नाक मुरडतात, मुरडू देत. स्प्रिंगही रंगाचा टवका उडालेल्या ठिकाणीच मोडते, बहुधा शेवटच्या वेढ्यात, जिथे ती बैठकीवर टेकते आणि ओली वाळू अडकून राहते. गंजाचा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून बैठकीला पाणी जायला भोकं पाडतो आणि शॉकअपच्या दांड्यावर रबरी बूट घालतोच घालतो. क्रोमवर एकदा खाऱ्या हवेचे ठिपके पडले की सील फाटायला महिनाभर पुरतो.

शॉकअप आम्ही २०१८ पासून स्वतः भरतो. आधी बाहेरून आणलेल्या एका लॉटमधला नायट्रोजन सहा महिन्यांत निघून गेला होता. सड्यावर वीस मिनिटं हाणली की तेल तापतं, त्याला फेस येतो आणि शॉकअप पंपासारखा पोकळ लागतो. गॅसचा दाब तेलाला फेसू देत नाही, म्हणून तो टिकणं महत्त्वाचं. आता आम्ही सुमारे २०० पीएसआयला भरतो आणि दोन दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडा येतो का ते बघतो.

पाट्यांचं उष्णतेचं काम आता कोल्हापूरला होतं. बाबांची भट्टी बंद केली, डोळ्यांना त्रास व्हायला लागला. जुलै २०२१ मध्ये आंबा घाटात दरडी कोसळल्या तेव्हा सतरा पाटे पलीकडे अडकले आणि तीन गाड्या शेडमध्ये ठोकळ्यांवर. त्यातली एक डॉक्टरबाईंची होती. त्या महिनाभर माझी स्कूटर घेऊन फिरल्या.

२०२० मध्ये नवी थार आली. मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग. बाबा म्हणाले, “झालं, आपलं दुकान बंद.” तसं झालं नाही, पण नवं शिकावं लागलं. मारुतीची जिम्नी २०२३ मध्ये आली तेव्हा दोन्ही अखंड एक्सल कॉइलवर आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरपा दांडा. हा दांडा एका टोकाभोवती फिरतो, त्यामुळे चाक जेवढं खाली जाईल तेवढा एक्सल बाजूला ओढला जातो. दांडा ९०० मिमीचा असेल आणि त्याचं एक टोक १३० मिमी उतरलं तर साडेनऊ मिमी. गाडी नुसती उचलून दिली की ती कायमची तिरकी चालते. मागच्या गाडीवाल्याला दिसतं, मालकाला नाही.

कायद्याचं आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो, कारण गिऱ्हाईक तो प्रश्न विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. आम्ही चासिस कापत नाही, व्हीलबेस हलवत नाही, सगळं बोल्टावर बसवतो. तरी आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, हे सांगणं सोडत नाही. काही लोक एवढं ऐकून परत जातात. जाऊ देत.

आणि सड्यावर गाडी घालताना एक. उक्षी, कशेळी, बारसू, सगळीकडे कातळशिल्पं आहेत, कित्येक अजून गवताखाली. आमची चाचणी आम्ही बागेच्या गाडीवाटेवरच करतो. मोकळा कातळ दिसला म्हणून चाकं फिरवायला येणाऱ्यांचं काम घेत नाही. पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, भरतीला अडकलेल्या गाडीचं घेतो, पण आधी ओरडतो.

आज शेडवर आम्ही चौघं. बाबा सकाळी येऊन खुर्चीत बसतात, आलेली गाडी मागून हाताने दाबतात आणि कोणता बुश गेलाय ते आवाजावरून सांगतात. भिंतीवर गिऱ्हाइकांचे मूळ पाटे खडूचे नंबर घालून टांगलेत. गाडी विकायची झाली की परत बसवून देतो. तात्यांचे २०१३ पासून तिथेच आहेत. नेऊ का म्हटलं की म्हणतात, “राहू दे, तुझ्याकडे गंजतील काय आणि माझ्याकडे गंजतील काय.”

फेब्रुवारी संपला की आम्ही पाट्यांचं नवीन काम घेत नाही. मार्च ते मे बागायतदारांच्या गाड्या आधी. दुसऱ्यांनी जूनमध्ये यावं, पाऊस धरायच्या आत, आणि येताना गाडी खालून धुऊन आणावी.