‘पॉवरसेव्ह’ दिसलं म्हणून लगेच ‘परफॉर्मन्स’ करू नका

लिनक्सचा लॅपटॉप जरा अडखळला की पहिला सल्ला ठरलेला असतो: स्केलिंग_गव्हर्नर (प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, कोणत्या धोरणाने ठरते ते सांगणारी फाइल) बघा, त्यात ‘पॉवरसेव्ह’ असेल तर ‘परफॉर्मन्स’ करा. हा सल्ला अर्धवट आहे, कारण ‘पॉवरसेव्ह’ या एका नावाखाली कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन निराळ्या गोष्टी नांदतात.

म्हणून आधी शेजारची स्केलिंग_ड्रायव्हर ही फाइल वाचा; फ्रिक्वेन्सी कोणता ड्रायव्हर सांभाळतो ते तिथे कळतं. तिथे ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ किंवा ‘इंटेल_सीपीयूफ्रेक’ असेल, तर पॉवरसेव्ह म्हणजे प्रोसेसर किमान फ्रिक्वेन्सीला जखडून ठेवलेला. काम कितीही येवो, तो वर जाणार नाही. पण तिथे ‘इंटेल_पीस्टेट’ किंवा ‘एएमडी-पीस्टेट-ईपीपी’ असेल, तर हेच पॉवरसेव्ह कामाचा भार बघून फ्रिक्वेन्सी खालीवर करतं, गरज पडली की टर्बोपर्यंतही (नेहमीच्या वेगाच्या वरचा, थोड्या वेळापुरता वेग) नेतं. नाव तेच ठेवायची बुद्धी कुणाला झाली कोण जाणे, पण आता ते बदलणार नाही हे धरून चाला.

या दुसऱ्या प्रकारात, हार्डवेअरला स्वतः फ्रिक्वेन्सी ठरवता येत असेल (इंटेलमध्ये हे स्कायलेकपासून आलं), तर खरी चावी गव्हर्नरमध्ये नसतेच. ती असते एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स या फाइलमध्ये. वेग हवा की वीजबचत, याचा कल ती सांगते. इंटेलवर तिच्यात ० ते २५५ मधला आकडा किंवा नाव चालतं. साधारणपणे ‘परफॉर्मन्स’ म्हणजे ०, ‘बॅलन्स_परफॉर्मन्स’ १२८, ‘बॅलन्स_पॉवर’ १९२ आणि ‘पॉवर’ २५५. मशीन सुस्त वाटत असेल तर गव्हर्नर पॉवरसेव्हच राहू द्या आणि हा आकडा एक पायरी खाली, म्हणजे ० च्या दिशेने, आणा. इंटेलवर गव्हर्नर परफॉर्मन्स केलात, तर कर्नल हा आकडा ० करून टाकतो आणि दुसरं काही लिहू देत नाही. ‘डिव्हाइस बिझी’ असा एरर आला की परवानगीच्या मागे न लागता गव्हर्नर तपासा.

परवानगीचा एरर मात्र वेगळ्याच कारणाने येतो. या फाइलमध्ये लिहायला सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून एको केलं आणि पुढे रीडायरेक्टचं चिन्ह दिलं, तर फाइल उघडायचं काम तुमचं साधं शेल करतं, सुडो नाही. एकोचं आउटपुट पाइपने ‘सुडो टी’कडे द्या. आणि फक्त पॉलिसी० मध्ये (पहिल्या कोरच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये) लिहून थांबू नका. आजच्या बहुतेक मशीनवर प्रत्येक लॉजिकल कोरची पॉलिसी वेगळी असते. एकच बदलली तर शेड्युलरने (कोणतं काम कुठल्या कोरवर चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) काम दुसऱ्या कोरवर टाकताच तुमचा बदल गायब झाल्यासारखा वाटतो.

ज्या मशीनवर फ्रिक्वेन्सीचा निर्णय हार्डवेअर नाही तर कर्नल घेतो, तिथे बहुधा ‘शेड्युटिल’ हा गव्हर्नर असतो. तो कर्नल ४.७ मध्ये, म्हणजे २०१६ साली आला. त्याचं गणित कागदावर करता येतं: कमाल फ्रिक्वेन्सी गुणिले वापराचं प्रमाण गुणिले १.२५. समजा, कमाल २४०० मेगाहर्ट्झ आहे आणि वापर १०२४ पैकी ५१२. उत्तर येतं १५००. वापर ८० टक्क्यांवर गेला की सरळ कमाल. मात्र वापराचा हा आकडा हळूहळू चढतो: शून्यापासून निघालेलं सलग काम निम्म्यावर यायला साधारण ३२ मिलिसेकंद लागतात. मेनू उघडताना जाणवणारा बारीक झटका कधीकधी याचाच असतो.

फ्रिक्वेन्सी कमी ठेवली म्हणजे बॅटरी वाचलीच, असंही नाही. चालू कामाची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात जाते. फ्रिक्वेन्सी २० टक्के उतरवली आणि व्होल्टेज १० टक्के उतरलं, तर वॅट ३५ टक्के घटतात. ऐकायला छान! पण तेच काम आता २५ टक्के जास्त वेळ चालणार, म्हणून त्या कामाची एकूण वीज वाचते ती १९ टक्केच. तेवढा वाढीव वेळ मेमरी आणि बाकी चिप जाग्या राहतात त्याचा खर्च वेगळा. व्होल्टेज तळाला टेकल्यावर तर फ्रिक्वेन्सी आणखी उतरवण्यात निव्वळ तोटा आहे. काम उरकून खोल झोपेत जाणं तिथे स्वस्त पडतं.

मोजायचं तर टर्बोस्टॅटने; ही कमांड प्रत्येक कोरची प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी दाखवते. त्यात दोन रकाने गोंधळ घालतात. ‘एव्हरेज मेगाहर्ट्झ’ झोपेचा वेळही धरतं, ‘बिझी मेगाहर्ट्झ’ फक्त जागेपणाचा. कोर ५ टक्के वेळ जागा आणि तेव्हा २००० वर असेल, तर एव्हरेज १०० दिसेल. त्यात काहीही बिघडलेलं नाही.

बिघाड कसा दिसतो? एका कोरवर पूर्ण भार टाका. तापमान ४५ अंश, बिझी ९९ टक्के, आणि तरी बिझी मेगाहर्ट्झ ४०० च्या आसपास अडकलेलं असेल, तर इंटेल लॅपटॉपवर पहिला संशय ‘प्रोकहॉट’वर घ्यावा. ही प्रोसेसरला ‘तापलंय, थांब’ सांगणारी तार. पण ती मदरबोर्डलाही बाहेरून ओढता येते. चार्जर ओळखू आला नाही, कमी वॅटचा निघाला किंवा बॅटरीने गडबड केली, की काही लॅपटॉप ती ओढून धरतात. गव्हर्नर, प्रेफरन्स, काही बदला, उपयोग शून्य. चार्जर काढून बघा, मग मूळ वॅटचा लावून बघा, शेवटी मशीन बंद करून बॅटरी सोडवून बघा. प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (आतल्या सेटिंगच्या कप्प्यात) लिहून ही तार बहिरी करण्याचे उपायही मिळतात, पण व्होल्टेज रेग्युलेटर खरोखर तापला तर इशारा त्याच तारेवरून येतो. चार्जर बदलणं स्वस्त आहे.

आणि केलेला बदल चार्जर लावताच उलटत असेल, तर टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन (वीजबचतीची सेटिंग आपोआप बदलणाऱ्या सेवा) दोन्ही चालू आहेत का ते सिस्टमसीटीएलने बघा. असतील तर एक बंद करा.