‘मंगलम्’ला यमक शोधताना

भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं घरचीच हवीत, असं ताईने जाहीर केलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. वृत्ताची मला चिंता नव्हती. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, आणि त्याच्या गणांचं (तीन-तीन अक्षरांच्या गटांचं) सूत्र ‘मासाजासतताग’ शाळेपासून पाठ आहे: ओळीत १९ अक्षरं, १२व्यावर यती, म्हणजे थांबा. चाल तर सगळ्यांच्या कानात असतेच.

अडलं ते यमकापाशी. चौथी ओळ ‘कुर्यात् सदा मंगलम्’वर संपणार, हे ठरलेलं. मग तिसऱ्या ओळीच्या शेवटी ‘मंगलम्’शी जुळणारा मराठी शब्द आणायचा कुठून? निर्मलम्, कोमलम्, उज्ज्वलम्, सगळे संस्कृत. वर आजी, बाप, हुंदका असं साधं मराठी चाललेलं आणि मध्येच ‘वंशद्वयं उज्ज्वलम्’! वृत्तात चपखल बसतं, पण ऐकायला ते लग्नाच्या पंगतीत कुणी सूट घालून वाढायला आल्यासारखं वाटतं.

यमकं शोधून देणारी एक साइट पाहिली. तिचा राग अजून गेलेला नाही. ‘सोहळा’ टाकलं की शाळा, माळा, गोळा, डोळा. अहो, नुसतं शेवटचं अक्षर जुळून काय होतं? ‘ळा’च्या आधी ‘अ’ हवा, आणि या वृत्तात ओळीचा शेवट गुरू-लघू-गुरूच (उच्चारात लांब-आखूड-लांब) हवा. ‘शाळा’ म्हणजे दोन गुरू, तिथे बसणारच नाही. लांबलचक यादी चाळायची आणि कामाचा शब्द एकही नाही. साधा शब्दकोशही इथे उपयोगी पडत नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला, आपल्याला हवं शेपूट.

शेवटी आत्याने मेथी निवडता निवडता सोडवलं. “अगं, कोश कसले उघडतेस? ‘ळा’ धर आणि त्याच्या आधी एकेक अक्षर लावून बघ.” आणि तीच सुरू झाली: कोवळा, मोकळा, सोवळा, सावळा, आगळा, वेगळा. सगळे गुरू-लघू-गुरू! तिला गणबिण काही माहीत नाहीत, पण जन्मभर आरत्या म्हटलेल्या. शब्द हाती आल्यावर ओळ उलटी, शेवटाकडून रचत गेले:

आला आज घरी नटून थटुनी हा लाडका सोहळा
बापाच्या हृदयी दडून बसला तो हुंदका कोवळा

तिसरी ओळही ‘ळा’वरच संपवली आणि ‘मंगलम्’ला एकटं सोडून दिलं. वरपक्षाचे एक काका म्हणाले, “शेवटी यमक नाही जुळलं हो.” चौथ्या ओळीला अक्षता उडतात आणि बँड सुरू होतो, काका, तिथे यमक कोण ऐकतं?

करी, धरी, वरी असली क्रियापदं मात्र टाळा. ढिगाने मिळतात, म्हणूनच ओळ स्वस्त वाटते.

नावांचं सांगायचं राहिलंच. नवरदेव ऋत्विज. या नावाला यमक शोधत बसू नका. नाव ओळीच्या शेवटी आणायचंच नाही. असं गुरू-लघू-लघू नाव तिसऱ्या किंवा आठव्या अक्षरापासून सुरू केलं की अलगद बसतं. आणि गुरुजींना कागद आदल्या दिवशीच द्या, नाहीतर मुहूर्ताच्या घाईत ते स्वतःची नेहमीची मंगलाष्टकं म्हणून मोकळे होतात.